वीस सांधे

जोगेश्वरीच्या फाटकावर नेमणूक झाली तर मार्तंडच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: बसायला स्टूल आणि डोक्यावर पत्र्याची सावली. पगार तोच. पण बारा उन्हाळे रुळावर काढलेल्या मुकादमालाच सावलीचा भाव विचारावा. मे महिन्यात भर दुपारी लाइनीवर चालायचं, सांध्यासांध्याशी वाकायचं, दोन रुळांमधली फट शिल्लक आहे का बघायचं. फट मिटली की तापलेल्या रुळाला वाढायला जागा राहत नाही. मग तो बाजूला वाकतो, आणि गाडी काही त्याला विचारून येत नाही.

यंदा मार्तंडच्या ताब्यातल्या लाइनीच्या तुकड्यात फटी मिटत आल्या होत्या. रूळ सोडवून मागे ओढायचे, तर निम्मी माणसं गावी गेलेली. आणि गुरुवारी इन्स्पेक्टर प्रधानसाहेब तपासणीला येऊन फाटकाचा माणूस ठरवणार होते.

अर्ज दोनच. दुसरा पलीकडच्या तुकड्याचा मुकादम अर्बन याचा.

“तोंड पाडून काय बसलास?” अर्बन म्हणाला. “साहेब दर वेळी त्याच मैलाच्या दगडापाशी उतरतो. वीस सांधे मोजतो नि जातो. तेवढे थंड ठेव ना.”

“थंड कसे?”

“रुळांना ओली गोणपाटं लाव. रूळ आखडला की फट उघडते. पाणी माझ्या वाडीतल्या विहिरीचं ने. माझी बायको ॲग्नेस बादल्या देईल.”

मार्तंडने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “आणि तू? तुझे सांधे तर माझ्याहून बंद.”

“मला कुठे एवढा उत्साह रे? साहेब शिव्या देईल, ऐकून घेईन.”

आपला घास दुसऱ्याच्या पानात वाढणारा माणूस. मार्तंडला त्याची दयाच आली.

गुरुवारी सकाळपासून त्याने आणि उरलेल्या चार माणसांनी पाणी वाहिलं. खांदे भरून आले. एक वाजता वळणावर साहेबांची रुळावरून ढकलत आणलेली ट्रॉली दिसली, तशी गोणपाटं झुडपात गेली. रूळ बघता बघता सुकले. मेमध्ये रुळाला हात कोणी लावत नाही. साहेब तर नाहीच.

प्रधानसाहेबांनी मापाची पट्टी एकेका फटीत घातली. विसाच्या विसांत गेली.

“या उन्हात एवढी फट? काय करतोस काय तू?”

“लक्ष ठेवतो, साहेब.”

ट्रॉली अर्बनच्या हद्दीत गेली. तिथे पट्टी कुठेच शिरेना. साहेबांचा आवाज इथवर येत होता. अर्बन टोपी हातात धरून, मान खाली घालून उभा होता.

मार्तंड झाडाखाली टेकला. अंगात उठायचंही त्राण नव्हतं. पण बारा वर्षांत पहिल्यांदाच तो या वेळी सावलीत बसला होता.

परतताना साहेबांनी ट्रॉली थांबवली. वहीत काही खरडलं, कागद फाडला.

“त्या अर्बनच्या हाती लाइन ठेवणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. उद्यापासून तो रुळावर दिसता कामा नये.”

“होय साहेब,” मार्तंड म्हणाला. त्याला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

“तुझ्यासारखा माणूस मला दुसरा मिळायचा नाही. घे, वाच.”

कागदावर दोनच ओळी होत्या.

‘जोगेश्वरी फाटक: अर्बन.

उन्हाळी गस्त, दोन्ही तुकडे, निवृत्तीपर्यंत: मार्तंड.’