हळदीची खोली

"बंदुकीच्या आवाजाला न भिणारं घर साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच हाय, अन् त्याच घराच्या ओसरीवर तू उभा हायस!" तातेरावांनी लेकाला ठणकावलं आणि पुरावा म्हणून भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर खुंटी होती. खुंटीला छत्री होती. आज्याची बारा बोअरची बंदूक तीन निवडणुकांमागे ठाण्यात जमा केली होती. ती परत आणायचं काम तेव्हापासून घरातला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता.

"दादा, विश्वंभरला एवढंच सांगा," विजयकुमार म्हणाला. तो टेक्सासहून पंधरा दिवसांसाठी गावी आला होता. "आम्ही आहोत तोवर बार उडवू नको म्हणावं. सृष्टीला तो आवाज चालत नाही."

विश्वंभरचं रान घराला लागूनच होतं. हरभरा घाट्यावर आला होता. वानरं उतरली, की तो प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड टाकून बार काढायचा.

"म्या सांगू? नात भिती म्हणून? सारं पुसेगाव हसंल."

"आमच्या राज्यात कुठे कुठे गोळीबार झालाय ठाऊक आहे? विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झाला, चर्चमध्ये झाला, दुकानात झाला, शाळेत झाला. सालवार सांगू?"

"तुमचा इतिहास तुमच्यापाशी ठेवा. दोन बार ऐकले की लेकरू घट्ट होईल. जाय तू, पुनम कवाची खोळंबून राहिली."

विजयकुमार आणि त्याची बायको पुनम मोटरसायकलवरून हिंगोलीला गेले. सात वर्षांची सृष्टी अंगणात कोंबडीच्या पिलांना इंग्रजीतून रागावत होती.

दहाच मिनिटांनी बार झाला. तातेरावांच्या बशीतला चहा निम्मा धोतरावर गेला. न भिणाऱ्या घराने आधी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं. मग अंगणात पाहिलं. पिलं होती, सृष्टी नव्हती.

"सृष्टे! अगं सृष्टे!"

तातेरावांची बायको सुमनबाई चुलीपुढून उठल्या. गोठा झाला, कडब्याची गंजी झाली. तातेराव विहिरीत दोनदा डोकावले.

"अवो, पोराला काय सांगावं आता?"

"तू पाराकडं पाहून ये. मी घर बघतो."

घरात फक्त हळदीची खोली राहिली होती. मागच्या सालची पोती तिथे चांगल्या भावाची वाट बघत पडली होती. दार आतून लोटलेलं होतं. हळदीत कुणी चपला घालून जात नाही, म्हणून एवढ्या घायकुतीतही तातेरावांनी त्या उंबऱ्याबाहेर काढल्या.

पोत्यांमागे, दारातूनही दिसणार नाही आणि खिडकीतूनही दिसणार नाही अशा नेमक्या कोपऱ्यात सृष्टी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मांडीवर एक पिलू होतं. त्याची चोच तिने दोन बोटांत मिटून धरली होती.

"अगं लेकरा, आजी तिकडं—"

"श्श! आबा, दार लावा. खाली बसा."

ती रडत नव्हती. रडली असती तर तातेरावांना काय करायचं ते ठाऊक होतं. त्यांनी दार लावलं, गुडघे कडाकडा वाजवत खाली बसले.

"अगं, तो विश्वंभर हाय. वानरं हाकलून राहिला."

"आधी तसंच वाटतं," सृष्टी समजुतीने म्हणाली. "सगळ्यांना आधी फटाकेच वाटतात."

"आमी येवढ्या हाका मारल्या, ओ काहून न्हाई दिली?"

"ओ द्यायची नसते. ओळखीच्या आवाजाला पण नाही."

"मग भायेर कवा यायचं?"

"शाळेत सराव असतो ना, तेव्हा टीचर हजेरी घेतात. त्याच्यानंतर."

"आण, म्या घेतो हजेरी."

"तुम्ही कुठे टीचर आहात, आबा?"

हळदीने तातेरावांचं नाक हुळहुळायला लागलं. त्यांनी ते दोन बोटांत मिटून धरलं, आणि आता नाक धरलेला आजा आणि चोच धरलेलं पिलू एकमेकांकडे बघत राहिले.

दुसरा बार झाला. तातेराव दचकले. सृष्टी जागची हलली नाही. तिने फक्त दोन बोटं वर करून दाखवली. ती मोजत होती.

अंगणात पावलं वाजली.

"काका! ओ तातेराव काका!" विश्वंभर होता. "काकू पाराकडं पळून राहिल्या, काय झालं? काका, हाव का घरात?"

माणूस आपल्या पायाने दारात आला होता. एक वाक्य सांगायचं होतं. आता तातेराव ते साऱ्या पुसेगावादेखत सांगायला तयार होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि हळदीने पिवळा झालेला सृष्टीचा चिमुकला पंजा तोंडावर घट्ट बसला. तो बाजूला करणं काही अवघड नव्हतं. त्यांनी केला नाही.

पावलं खोलीपर्यंत आली.

"चपला तर हितंच हायत," विश्वंभर बाहेर स्वतःशीच बोलला. "म्हातारा झोपला जणू."

तोंडावरची बोटं ताठ झाली. पावलं थांबली, वळली, पाराच्या दिशेने गेली. बराच वेळ काही वाजलं नाही. मग तो हात सावकाश खाली आला, आणि सृष्टी त्यांच्या कानाशी लागली.

"आबा, पुढच्या वेळी चपला आत घेऊन यायच्या, हं."