कंपनीची तमिळ

राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ऋजुतानं दारावर पाटी लावली: ‘तमिळ-मराठी भाषांतराची कामं घेतली जातील.’ तिच्या सासूनं, अम्मानं, कौतुकानं पाटीला हळदकुंकू वाहिलं आणि सुनेकडे वळून काहीतरी म्हटलं.

ऋजुताला त्यातला एक शब्दही कळला नाही.

तिनं घाबरून जुन्या कंपनीत फोन लावला.

“मॅडम, तुमची तमिळ काल रात्रीच काढून घेतली,” तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली. “लॅपटॉप, ओळखपत्र आणि भाषा, सगळं परत जमा झालंय.”

“अहो, पण इतकी वर्षं मी घरात तीच बोलतेय! तीच बोलून लग्न केलं मी. अजून माझी झाली नाही?”

“डोक्यात आम्हीच बसवली होती ना, मॅडम. नव्या व्यवसायाला शुभेच्छा.”

अम्माला मराठी येत नव्हती. मुलगा बोटीवर कामाला गेला की या सांगलीत तिला बोलायला ऋजुताच होती. तिनं सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला, तेच पुन्हा विचारलं, मग बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं विचारलं. ऋजुता नुसती मान हलवत राहिली. शेवटी अम्मा आत गेली.

सून मालकीण झाली आणि बोलेनाशी झाली, असं तर अम्माला वाटलं नसेल? पण विचारणार कसं?

आतून अम्माचा आवाज येऊ लागला. ती फोनवर मुलाला रडत रडत काहीतरी सांगत होती. ऋजुता दाराला कान लावून उभी राहिली. तिला फक्त स्वतःचं नाव कळत होतं, आणि ते पुन्हापुन्हा येत होतं.