पलीकडची खोली

वडिलांच्या जमिनीत वाटा मागितल्यापासून बाळाबाईंचा सख्ख्या भावाशी नऊ वर्षं दावा चालू होता. नव्या कोर्टातली त्यांची ही पहिलीच तारीख. फिकट हिरव्या भिंती, मोठ्या खिडक्या, पाठ टेकायला खुर्च्या. इमारतीचा आराखडा करणारी प्राची आलेल्या माणसांना विचारत फिरत होती.

"कसं वाटतंय, मावशी?"

"लई झ्याक. जुन्या कोर्टात एकाच बाकड्यावर समदी दाटीनं बसायचो. पण ज्याच्याशी दावा हाय, त्यो माझा भाऊ सयाजी कुठं दिसंना?"

"विरुद्ध पार्टीला पलीकडं वेगळी खोली केलीय. तोंडाला तोंड लागायला नको, मनाला शांत वाटावं म्हणून."

"त्यानं तोंड उघडलं तर लागंल ना, बाई!" बाळाबाई हसल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "दावा लावला अन् माहेर तुटलं. नऊ वर्षं त्यो नुसता शेजारी बसायचा. किती वाळलाय, केस किती पिकलेत, तेवढं दिसायचं."

"पण आता वाद तरी टळतील ना, मावशी."

"वकीलसायेब म्हणत्यात, तुमी न्हाई आला तरी चालतंय. तरी मी एक तारीख चुकवली न्हाई."