दोन स्कूटरी आणि गावभरची मयतं

सुनदोकने पाना टॉवेलमध्ये गुंडाळला, इकडेतिकडे पाहिलं आणि मालजाच्या स्कूटरपाशी फतकल मारली. मालजा समुद्रात होती. गावातल्या बाकीच्या बुड्या मारणाऱ्या बायकाही समुद्रातच होत्या, त्यांचे नारिंगी तरंगते गोळे लांबवर हलत होते. किनाऱ्यावर एकटी सुनदोक, कारण परवाच ती एका मयताला जाऊन आली होती. मयताच्या घरी जेवलं की तीन दिवस पाण्यात उतरायचं नाही, ही गावची रीत.

मयत कोणाचं, तर शिंपिणीच्या नणंदेच्या सासऱ्यांचं. सुनदोकने त्यांना जिवंतपणी एकदाही पाहिलं नव्हतं. तरी ती गेली, डुकराच्या मांसाचं सूप दोन वाट्या प्याली आणि घरच्यांपेक्षा जास्त रडली. कामच तसं निकडीचं होतं.

सात वर्षांपूर्वी गावातल्या बारा बायकांनी मिळून 'सोनेरी गरुड' नावाच्या परदेशी स्कूटरी घेतल्या होत्या. स्वस्त, लालचुटुक, मागे ओली जाळी बांधायला ऐसपैस जागा. दोन वर्षांत त्या आणणारी कंपनी गायब झाली. कंपनीच्या नंबरवर फोन केला की तळलेल्या कोंबडीचं दुकान लागायचं. तिथला माणूस बिचारा सज्जन. "आजी, पार्ट नाहीत, पण तंगड्या गरम आहेत," असं दर वेळी सांगायचा. जेजू बेटाच्या खाऱ्या वाऱ्याने एकेक गरुड बसवला. बसलेल्या दहांचे अवयव काढून काढून दोन तेवढे चालत राहिले. एक सुनदोकचा, एक मालजाचा.

मग वसंतात सुनदोकचा कार्ब्युरेटर गेला. मेकॅनिक ह्योनने तो उन्हात धरला, फुंकला, हुंगूनसुद्धा पाहिला.

"आजी, आता ही ढकलायची गाडी समजा. दुसऱ्या कंपनीचा बसत नाही, भोकंच जुळत नाहीत."

नेमका तेव्हाच बुड्या मारणाऱ्या बायकांच्या सोसायटीने नियम काढला. पंचाहत्तरीपुढच्या ज्या बाईला भरती-ओहोटीच्या वेळेत आपली आपण किनाऱ्यावर पोचता येणार नाही, तिने बुडी मारायचा परवाना परत करायचा. सुनदोक अठ्ठ्याहत्तरची होती, आणि घर डोंगराच्या अंगाला, किनाऱ्यापासून चार किलोमीटर. पंधराव्या वर्षापासून ती समुद्रात जात होती. नवरा गेला तेव्हा तीन दिवस थांबली आणि चौथ्या दिवशी पाण्यात होती. समुद्र सुटला तर काय करायचं हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

म्हणून ती पहिल्या मयताला जेवली, म्हणजे बाकीच्या पाण्यात असताना किनारा तिला मोकळा. मालजाचा चांगला कार्ब्युरेटर तिने काढून घेतला आणि त्या जागी आपला मेलेला बसवला. गाडी लोण्यासारखी चालली. पाच दिवसांनी मात्र पुन्हा खोकायला लागली. आणि मालजा? मालजा तिच्या डोळ्यांदेखत चढावरून सुसाट गेली!

सुनदोकने मनाशी हिशोब जुळवला. मालजाकडे पार्टांचा साठा आहे. कुठेतरी लोणच्याच्या रांजणात वगैरे दडवून ठेवला असणार. शहात्तर वर्षांची झाली तरी मुलखाची आतल्या गाठीची!

उन्हाळाभर असंच चाललं. सुनदोक मयताला जायची, कार्ब्युरेटर बदलून आणायची आणि तो आठवड्याच्या आत मरायचा. प्रत्येकाच्या बुडाशी एकाच जागी सारखाच चरा असायचा. कारखान्यातलीच खोट, दुसरं काय! मालजालाही हल्ली लांबलांबच्या मयतांचा उमाळा यायला लागला होता. एक पाण्यात असली की दुसरी सुतकात. म्हातारपणी दोघी किती मायाळू झाल्या, असं बाकीच्या बायका म्हणत.

आजचा पाचवा कार्ब्युरेटर. सुनदोकने तो उलटा करून पाहिला. चरा होताच. तिने तो आपल्या गाडीत बसवला आणि ठरवलं, या वेळी गाफील राहायचं नाही. हा मरायच्या आत पुढचा काढून ठेवायचा. सोमवारी शंखांचा हंगाम उघडत होता. त्या दिवशी गाडी रस्त्यात बसली की परवाना गेलाच.

संधी लगेच आली. पलीकडच्या गावात एक निवृत्त पोस्टमन वारले. सुनदोक रडायला पोचली तर मालजा आधीच रडत होती. दोघींनी सुपाच्या वाटीवरून एकमेकींकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका समुद्रात आणि या दोघी किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात, शेकोटीपाशी. दोघींच्या मांडीवर टॉवेलची एकेक गुंडाळी. सुनदोकला कळून चुकलं की आज चोरी जमत नाही. मग उरलं काय, तर पाय धरणं. साठ वर्षं जिला तिने ओहोटीचीसुद्धा वेळ विचारली नव्हती, तिलाच आता विचारायचं. तिने घसा खाकरला.

पण मालजाच आधी बोलली. तिचे डोळे भरून आले होते.

"ताई, खरं बोलते, मारू नकोस. सोमवारी गाडी नाही चालली तर मला घरी बसवतील गं. समुद्राशिवाय मी जगायची नाही."

"मग?" सुनदोक म्हणाली.

मालजाने टॉवेल उलगडला. आत पाना होता.

"चार वेळा तुझ्या गाडीतला कार्ब्युरेटर मी चोरला, त्या जागी माझा मेलेला बसवला. आणि चारही वेळा आठवड्याच्या आत तुझी गाडी ठणठणीत! आता एवढं सांगून टाक. एवढे पार्ट तू आणतेस तरी कुठून?"