आतून टकेट

"कुणाचं?" ॲम्ब्रोजने विचारलं.

प्रॉम्प्टर गिल्बर्टने कपाळाला हात लावला. नाटककाराने वहीत दोनच शब्द लिहिले होते, 'आतून टकेट'. म्हणजे दाराआडून तुतारीचे चार सूर, की दूत रंगमंचावर. लिहिणाऱ्याचं काय जातंय! पण ॲम्ब्रोज फ्लँडर्सच्या लढाईत सात वर्षं तुतारी फुंकून लंडनला परतलेला. तिथे टकेट ज्याचं त्याचं वेगळं. ते कानावर पडलं की पहारेकरी ओळखायचा कोण आलंय, आणि मगच फाटक उघडायचा. कुणाचंच नसलेलं टकेट त्याला वाजवता येईना.

"कुणाचंही वाजव रे बाबा," गिल्बर्ट वैतागला. "एक पेनी देऊन आलेल्यांना काय कळतंय?"

बाहेर भर दुपारी प्रेक्षक अक्रोड फोडत होते. दूत झालेला निकलस टोपी सावरत ॲम्ब्रोजच्या बाजूला येऊन उभा राहिला. गिल्बर्टने खूण केली. ॲम्ब्रोजने तुतारी ओठांना लावली आणि नको तेच टकेट बाहेर पडलं, कप्तान लॅटिमरचं.

तीन वर्षांत त्याने ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. त्या पहाटे धुक्यात कप्तान अकरा माणसं घेऊन आपल्याच किल्ल्याच्या फाटकाशी पोचला, तेव्हा शत्रू पाठीशी होता. वाजवलं तर आपण सापडू, या भीतीने ॲम्ब्रोज लव्हाळ्यात तुतारी छातीशी धरून पडून राहिला. फाटक बंदच राहिलं. बाराही जण तिथेच कापले गेले, आणि त्याने ते सगळं ऐकलं.

आज मात्र सूर कसे खणखणीत आले. त्याला इतकं हलकं वाटलं, की डोळे भरून आले.

अक्रोड फुटायचे थांबले. दारापलीकडे फळ्या करकरल्या. ओल्या बुटांचा आवाज रंगमंचाच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला. मग राजा झालेल्या नटाने आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं, पण त्याचा आवाज कापत होता.

"दूता, एवढा उशीर का?"

ॲम्ब्रोजने वळून पाहिलं. निकलस त्याच्या शेजारीच होता, पांढराफटक, कडीवर हात ठेवून. दार उघडलंच नव्हतं.

रंगमंचावरून उत्तर आलं, शांत, ओळखीच्या आवाजात.

"तुतारी आत्ता कुठे वाजली."