एकशे चौदावा इशारा

"सही करा, बाई. विषय संपवा," म्हणत मॅनेजरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

कारखान्यात ज्यांना सगळे कॉम्प्युटरबाई म्हणत, त्यांनी तो शांतपणे वाचला. प्रयोगशाळेच्या मशीनमध्ये चोरटा प्रोग्रॅम सापडला असून तो प्रयोगशाळेतल्या काकांनी टाकला आहे, असं त्यात होतं. काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते दारापाशी उभे राहून मानेवरचा घाम पुसत होते.

"नाही करणार," बाई म्हणाल्या.

सोमवारी व्हायरस शोधणारा नवा स्कॅनर बसवल्यापासून त्यांच्या डोक्याला हाच ताप होता. तीन दिवसांत त्या शहाण्याने एकशे चौदा वेळा बोंब मारली होती. प्रिंटर धोकादायक, हजेरीचं यंत्र धोकादायक, गोदामातला वजनकाटासुद्धा धोकादायक! ऊठसूट लांडगा आला रे आला. बाईंनी प्रत्येक मशीन स्वतः जाऊन तपासलं आणि एकशे तेरा ओळींपुढे आपल्या वहीत 'खोटा इशारा' लिहून सही केली. एकोणीस वर्षांची ही पद्धत. दोनदा त्यांनी खरा व्हायरसही पकडला होता. बाईंच्या वहीतली ओळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मॅनेजर स्वतःच सांगत फिरायचे.

एकशे चौदावा इशारा काकांच्या मशीनचा होता; तिथल्या एका फाइलला स्कॅनरने सोमवारीच कुलूप लावलं होतं. कारखान्यातून नदीत सोडलेलं पाणी काका रोज तपासत आणि आकडे त्या मशीनवर भरत.

"रोज सकाळी तिथून काहीतरी बाहेर जायला बघतं," मॅनेजर म्हणाले. "आणि त्या मशीनवर बसतं कोण? हेच ना?"

"साहेब, मला धड पासवर्ड लक्षात राहत नाही," काका काकुळतीला आले. "दर महिन्याला बाईच बदलून देतात."

बाईंचा फोन थरथरला. धाकटी बहीण. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावात ती शाळेत शिकवायची, आणि नेमका नको तेव्हा फोन करायची तिला खोडच होती. बाईंनी फोन कापला.

"स्कॅनरचं काय घेऊन बसलात? त्याला नुसतं भुंकता येतं. आलेला माणूस घरचा की परका, हे ओळखायला मी आहे. ती फाइल मी चांगली ओळखते. नोंदींची प्रत काढून ठेवते, बाकी काही नाही."

"पण अहवाल वर गेलाय. वरच्या साहेबांना नाव हवंय. तुम्ही अडून बसलात तर तुमच्याही नोकरीचा विचार करावा लागेल."

आता मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाव हवं म्हणून या माणसाचा बळी? काकांनी यातलं काहीही केलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. नोकरी घ्यायची तर खुशाल घ्या! माझ्यावर विश्वास नसेल तर बाहेरचे तज्ज्ञ बोलवा. ते मशीन उघडतील, एकूण एक नोंद वाचतील. काकांनी सकाळी भरलेले आकडे वाचतील, आणि दुपारी तुमच्या केबिनमधून दुरुस्त झालेलेही."

मॅनेजरांच्या हातातलं पेन थांबलं. काका जमिनीकडे बघत राहिले.

"त्याची काही गरज नाही," मॅनेजर सावकाश म्हणाले. कागद त्यांनी परत ओढला आणि दोन तुकडे करून टोपलीत टाकला. "वही आणली आहे ना? लिहून टाका."

बाईंनी वही उघडली. एकशे चौदा. खोटा इशारा. खाली सही. मग मॅनेजरांच्या समोरच त्यांनी फाइलवरचं स्कॅनरचं कुलूप काढलं आणि तिला सुरक्षित यादीत टाकलं.

बाहेर पडल्यावर काकांनी हात जोडले. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले, काका? तुमचं नाव यात यायलाच नको होतं."

काका प्रयोगशाळेकडे वळले. फोन पुन्हा थरथरला. बाई जिन्याच्या कोपऱ्यात गेल्या आणि या वेळी त्यांनी तो उचलला.

"ताई, पोरांच्या अंगावरचे चट्टे बघवत नाहीत गं," बहीण घाईघाईने बोलत होती. "उद्या कारखान्याविरुद्धची सुनावणी आहे, आणि सोमवारपासून इकडे काहीच आलेलं नाही."

"आता बघ."

पलीकडे कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज आला.

"आले, ताई! तिन्ही दिवसांचे. सकाळचे, खरे आकडे."