कॅमेरा लागेपर्यंत

"लिहिलेलं जातंय काका, चेहरा जात नाय," नेटकॅफेवाला भारत टेबलाखालून म्हणाला.

"आन् आवाज?" साहेबरावांनी विचारलं.

"आवाज बी नाय. ह्या कंप्युटरवर विंडोज नाय, लिनक्स हाय. व्हायरस लागत नाय, फुकटात मिळती, पण मेसेंजरचं घोडं कॅमेऱ्यापाशी अडतंय."

"फुकट ते पौष्टिक म्हणत्यात. घ्या आता!" साहेबराव उठले, दारापर्यंत गेले, परत आले. दुष्काळाचं वर्ष, पुंडलिकनगरच्या गल्लीत टँकर यायची वेळ झाली होती आणि घरी ड्रमापाशी बायको एकटीच होती. तिकडे मस्कतला नोकरीला असलेलं स्थळ, इंद्रजीत, शुक्रवारची सुट्टी गाठून मुलगी बघायला बसला होता. आणि मुलगी काही दिसत नव्हती.

साहेबरावांची सुकेशनी पावडर लावून स्क्रीनसमोर बसली होती. कॅमेरा लागूच नये, असं तिला वाटत होतं. इंद्रजीतकडे गेलेला फोटो स्टुडिओवाल्यानं चांगलाच उजळून दिला होता. आजवर जे जे बघायला आले, ते पोहे खाऊन "घरी जाऊन कळवतो" म्हणाले, आणि कुणीच काही कळवलं नाही. चेहरा दिसला की मस्कतहूनही तेच येणार.

या मेसेंजरात मराठी अक्षरांचे नुसते चौकोन होत होते, म्हणून दोघं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होते. साहेबरावांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

काय आवडतं, असं त्यानं विचारलं. ती बी.ए. झालेली, तिनं लिहिलं, कला. तर उत्तर आलं, "मग आपलं जमलं. मी लई काळा आहे." कला काय आणि काळा काय, त्या अक्षरांत दोन्ही सारखंच. सुकेशनीला हसू आवरेना.

"काय म्हणतोय गं?"

"जय भीम म्हणतायत, बाबा."

हसू ओसरलं तशी ती जास्तच बेचैन झाली. हा माणूस तिला आवडायला लागला होता, आणि आवडलेल्या माणसाचं "कळवतो" तिला सोसणार नव्हतं. तिनं चुकासुद्धा न सुधारता भराभरा लिहिलं, "फोटो उजळवलेला आहे. मीपण काळीच आहे. मला बी.एड. करायचंय. लग्नानंतर करू द्याल का?" आणि विचार बदलायच्या आत बटण दाबलं.

पलीकडून काहीच येईना. तो वाचतोय, लिहितोय की उठून गेलाय, हे कळायची सोय या मेसेंजरात नव्हती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"लागला!" इंटरनेटवरून काहीबाही उतरवून बघणारा भारत शेवटी ओरडला. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा पेटला होता. "आता बटण दाबलं की पोरगी थेट मस्कतला दिसती बघा, काका."

"मग दाब की! पोरी, ओढणी नीट घे. बघू दे त्यांला."

भारतचा हात माउसकडे गेला. सुकेशनीनं कॅमेऱ्यावर तळहात ठेवला.

"थांबा दादा," ती म्हणाली. तिची नजर स्क्रीनवर, त्याचं उत्तर यायचं होतं तिथेच होती. "माझं बघून व्हायचंय अजून."